युद्धनौकेवर स्फोट झाला, कारण कुणालाच नीट कळलं नाही, तरी त्यावरून दोन देशांत युद्ध कसं पेटतं?

तुमच्या प्रश्नातला 'तरी' मला खटकला. माझ्या मते कारण नीट कळत नाही म्हणूनच असा स्फोट इतका घातक ठरतो. कारण कळलं तर भांडण तेवढ्यापुरतं राहतं. नाही कळलं, तर ज्याच्या मनात जो चोर आधीपासून बसलेला असतो, त्याचंच नाव पुढे येतं.

'मेन'चंच घ्या. १५ फेब्रुवारी १८९८, रात्री पावणेदहाच्या सुमारास हवाना बंदरात उभी असलेली ही अमेरिकी युद्धनौका फुटली. २६० हून अधिक माणसं गेली. खलाशी पुढच्या भागात झोपायचे आणि स्फोट तिथेच झाला. अधिकारी मागे राहायचे, म्हणून त्यांच्यातले दोघेच दगावले. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता. कप्तान सिग्सबी यांनी त्याच रात्री वॉशिंग्टनला तार केली आणि पुढचा अहवाल येईपर्यंत लोकांनी मत बनवू नये, असं तीत कळवलं. ज्याच्या पायाखालची नौका बुडाली तो थांबा म्हणत होता, पण घरी बसलेल्यांना दम निघेना. दोन दिवसांत वृत्तपत्रमालक हर्स्टच्या 'न्यूयॉर्क जर्नल'ने हे शत्रूचंच काम असल्याचं पहिल्या पानावर छापलं आणि गुन्हेगार शोधून देणाऱ्याला ५०,००० डॉलरचं बक्षीसही लावलं.

इथपर्यंत आलं की बहुतेक जण सगळं खापर वर्तमानपत्रांवर फोडतात. मीही पूर्वी तेच समजत होतो. पण ठिणगी ओल्या गवतावर पडली असती तर विझली असती. क्यूबात १८९५ पासून बंड चालू होतं. ते मोडायला स्पेनच्या जनरल वेलर यांनी खेड्यापाड्यांतली माणसं उठवून छावण्यांत कोंडली आणि तिथे ती उपासमारीने, रोगराईने हजारोंनी मेली. शिवाय स्फोटाच्या सहाच दिवस आधी स्पेनच्या अमेरिकेतल्या राजदूताचं एक खाजगी पत्र फुटून छापलं गेलं होतं, ज्यात त्याने अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली यांना दुबळं म्हटलं होतं. म्हणजे राग आधीचाच होता, फक्त त्याला बोट दाखवायला जागा हवी होती.

खरी मेख चौकशीत आहे. स्पेनने संयुक्त चौकशी सुचवली, अमेरिकेने नाकारली. मग दोन चौकश्या झाल्या आणि दोन उत्तरं आली. स्पॅनिश अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: पाण्याखाली सुरुंग फुटला असता तर पाण्याचा उंच लोट उठला असता, बंदरात मेलेले मासे तरंगले असते, तसं काही दिसलं नाही, म्हणजे स्फोट आतूनच झाला. अमेरिकी मंडळाने पाणबुडे उतरवले. त्यांना नौकेचा कणा उलट्या व्ही-सारखा वर वाकलेला आढळला, म्हणून बाहेरच्या सुरुंगाने आधी धक्का दिला आणि मग दारूगोळा पेटला, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकी नौदलातलेच तज्ज्ञ फिलिप अ‍ॅल्जर यांनी सुरुंगाने एवढा विध्वंस होत नाही असं उघड सांगितलं होतं. नौदलाचे सहायक सचिव थिओडोर रूझवेल्ट त्यावर चांगलेच भडकले. कोळशाच्या कोठीत कोळसा आपोआप धुमसणं त्या काळी नवलाचं नव्हतं, आणि 'मेन'वर अशी एक कोठी दारूगोळ्याला चिकटून होती. पण तसं मान्य करायचं तर दोष आपल्याच खात्याचा. आरोपीच न्यायाधीश असला की निकाल कुठे झुकणार, ते सांगायला नको.

अमेरिकी मंडळाच्या अहवालात मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते एक वाक्य: सुरुंग कोणी लावला याची जबाबदारी निश्चित करता आली नाही. कागदावर हा संयम आहे, पण लोकांनी 'सुरुंग' एवढंच ऐकलं. हवानात सुरुंग म्हणजे स्पेन, यावर कुणाला विचार करावासा वाटला नाही. मार्चअखेर स्पेन हे प्रकरण लवादाकडे द्यायलाही तयार झाला, पण तोवर गाडी पुढे गेली होती. २५ एप्रिलला अमेरिकी काँग्रेसने युद्ध जाहीर केलं.

आता उलटं उदाहरण बघा, कारण त्याशिवाय माझा मुद्दा अर्धाच राहतो. २५ सप्टेंबर १९११ ला फ्रान्सची 'लिबर्ते' ही युद्धनौका तुलाँ बंदरात फुटली, सुमारे ३०० माणसं मेली. त्याच वेळी मोरोक्कोवरून फ्रान्स आणि जर्मनी एकमेकांवर गुरगुरत होते. जर्मनीवर संशय घ्यायला याहून चांगला मुहूर्त नव्हता. तरी युद्ध झालं नाही. नौका स्वतःच्याच बंदरात होती, आणि तिथेच १९०७ मध्ये 'इएना' फुटल्यापासून आपली तोफांची दारूच बेभरवशाची आहे हे फ्रेंचांना ठाऊक होतं. बोट दाखवायला घरातलाच चोर होता.

'मेन'चा सांगाडा १९११ मध्ये भोवती बांध घालून, पाणी उपसून उघडा केला गेला. नव्या मंडळानेही स्फोट बाहेरूनच झाला म्हटलं, फक्त जागा दुसरी दाखवली. १९७६ मध्ये अमेरिकी नौदलाचे अ‍ॅडमिरल रिकोव्हर यांच्या अभ्यासाने कोळशाच्या आगीकडे बोट दाखवलं. वाद अजून आहेच. सांगाडा मात्र १९१२ मध्ये खोल समुद्रात नेऊन बुडवला. त्या युद्धात स्पेन हरून पोर्तो रिको, ग्वाम आणि फिलिपाइन्स अमेरिकेच्या पदरात पडून तेव्हा तेरा वर्षं उलटली होती.