हारीनं नाव जाते काय?
लेका, तू बॉक्सिंगच्या जिल्हा स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरला अन् तीन दिवसांपासून प्रॅक्टिसले आला नाई. पानठेल्यावर पोट्टे हसतात म्हणे. हसू दे, कापूस येचाचे दिवस आले की इसरतीन.

मुहम्मद अलीच्या नावावर 5 हारी हायेत. 1971 मंधी जो फ्रेझरनं त्याले पंधराव्या राऊंडमंधी खाली पाडलं, निकालही फ्रेझरच्याच बाजूनं. पुढं अलीनं त्याले दोनदा हरवलं, म्हून त्या तिन्ही लढती लोकं आजही काढतात. मेरी कोम 2001 च्या जागतिक स्पर्धेची फायनल हरली, 2002 मंधी सोनं आणलं. रॉकी मार्सियानो 49 लढती जिंकून, एकही न हरता निवृत्त झाला. पण बाप्पा, असे कितीक असतात?

चिकटते ती अर्ध्यात सोडलेली लढत. 1980 मंधी रोबर्टो दुरान शुगर रे लेनर्डसमोर आठव्या राऊंडमंधी पाठ फिरवून थांबला. केवढा मोठा बॉक्सर! पण त्याचं नाव निघालं की लोकाले पहिले तेच आठवते.

तू मार खाल्ला, पण थांबला नाई. मी रिंगच्या तुह्या कोपऱ्यातच होतो. दुसऱ्या राऊंडपासून तुहा डावा हात खाली येत होता, तेवढंच. डोक्याले मार बसला, म्हून आधी डॉक्टरले दाखव. तोवर स्पारिंग, म्हंजे सरावाची लढत, बंद. सोमवारी नुसता पाहाले ये.