स्कोप बेसचे जाम स्क्रू: जोर नको, उष्णता द्या

प्रश्न ऐरोलीहून आलाय. एअर रायफलच्या स्कोप बेसचे (दुर्बीण बसवायच्या पट्टीचे) चार स्क्रू थ्रेडलॉकर लावून बसवलेले, दोन निघाले, तिसऱ्याची टॉर्क्सची (चांदणीच्या आकाराची) खाच झिजायला लागलीय.

आधी हात थांबवा. खाचेत अजून पकड आहे तोवर काम सोपं आहे. आणखी जोर लावलात तर स्क्रू सुटायच्या आधी खाच जाईल.

थ्रेडलॉकर म्हणजे हवा तुटली आणि धातूचा स्पर्श झाला की आट्यांमध्ये घट्ट होणारं प्लास्टिक. डब्ल्यूडी-४० स्प्रे मारून रात्रभर ठेवा, असं कुणीतरी सांगेलच. खाडीकाठच्या हवेत धरलेल्या गंजावर ते चालेल, सुकलेल्या थ्रेडलॉकरवर नाही. त्याला उष्णताच लागते. लाल लॉकटाइट २७१ हे जोरकस थ्रेडलॉकर सोडवायला कंपनीच सुमारे २५० अंश सेल्सिअस सांगते, आणि गरम असतानाच फिरवा म्हणते. लोक नेमके इथे चुकतात. तापवतात, थंड होऊ देतात आणि मग पाना लावतात. तोवर ते पुन्हा घट्ट झालेलं असतं.

रायफल रिकामी आहे हे स्वतः बघा, स्कोप उतरवून बाजूला ठेवा. पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरून ठेवायची रायफल असेल, तर सिलिंडरमधली हवा पूर्ण काढल्याशिवाय उष्णतेचं नावही काढू नका. ब्लो टॉर्च नकोच. ज्योत स्क्रूपुरती राहत नाही. फिनिश जातं, आतले सील जळतात. ६० वॅटचं किंवा त्याहून मोठं सोल्डरिंग आयर्न घ्या. खाचेतला सुकलेला थर सुईने खरवडून काढा, टोक थेट खाचेत टेकवा आणि मिनिट-दोन मिनिटं दाबून धरा. थोडा उग्र वास येईल. खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका. मग लगेच बिट (पान्याचं टोक) घाला, लहान हातोडीने वरून एक-दोन टोले द्या म्हणजे ते तळापर्यंत बसेल, आणि सरळ खाली दाबत सावकाश फिरवा. हललं नाही तर पुन्हा तापवा. बिट चांगल्या पोलादाचं आणि अचूक मापाचं हवं. अर्धी भांडणं स्वस्त, गोलावलेल्या बिटमुळेच होतात.

खाच गेलीच, तर स्क्रूच्या दांड्याच्या जाडीचं ड्रिल घेऊन फक्त डोकं उडवा. बेस निघाला की डोक्याचा ताण जातो आणि वर राहिलेला तुकडा तापवून व्हाइसग्रिपने (पकड लॉक होणाऱ्या पक्कडीने) बहुतेक वेळा मुकाट्याने फिरतो. रिसिव्हर, म्हणजे बेस ज्यावर बसतो तो रायफलचा मुख्य भाग, ॲल्युमिनियमचा असेल तर मात्र हे घरी करू नका, आटे फार लवकर मरतात.

वागळे इस्टेट किंवा रबाळेत चांगले लेथवाले आहेत, पण लायसन्सची रायफल त्यांच्याकडे नेऊ नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे अग्निशस्त्राची दुरुस्ती, त्या कामाचा परवाना असलेल्यानेच करायची असते.

परत बसवताना आटे ॲसिटोनने पुसा; दस्त्याच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नका. एवढ्या बारीक स्क्रूंना जांभळं लॉकटाइट २२२ पुरे, तेही एकच थेंब. टॉर्क (आवळायचा जोर) बेसच्या कंपनीने दिलेला असेल तोच ठेवा.