नेदरलँड्समध्ये गायींवर पीएचडी करायला येताय? हो म्हणण्याआधी हे विचारून घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. झाली आहे, नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठात दुभत्या गायींच्या ढेकरांतून निघणाऱ्या मिथेन वायूवर पीएचडीची जागा निघाली आहे, मुलाखतीची पहिली फेरी पार पडली आहे, नवराही सोबत येईल. तर यावं का, आणि हो म्हणण्याआधी काय तपासावं? मी इथे गायींवरच काम करते, म्हणून सविस्तर लिहिते.

यावं, असंच मी सांगेन. जनावर, त्याचा चारा, त्याचं शेण-मूत्र आणि त्यानं बदलणारी माती, पाणी, हवा या सगळ्याचा अभ्यास करणारी इतकी माणसं एकाच छोट्या गावात फार कमी ठिकाणी भेटतात. पण विद्यापीठ जागतिक क्रमवारीत कितवं आहे हे बघून ठरवू नका. तुमची चार वर्षं कशी जाणार हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे: प्रयोगाचा परवाना आला आहे का, गायी आणि मोजणीची यंत्रं तुमच्या वाट्याला कधी येणार, आणि प्रकल्पाला पैसे कोण देतंय. दुसऱ्या मुलाखतीत हेच विचारा. असे प्रश्न विचारणारा उमेदवार इथे आगाऊ ठरत नाही, उलट त्याला काम समजतं असं मानतात.

सगळ्यात आधी परवाना, कारण वेळ सर्वांत जास्त तिथे जातो. संस्थेच्या प्राणी-नीती समितीपुढे प्रस्ताव ठेवून मंजुरी घेण्याची तुम्हाला सवय असेलच. इथली वाट लांब आहे. प्राण्यांवरील प्रयोगांचा डच कायदा १९७७ चा, आणि त्यावर आता युरोपीय संघाचा २०१० चा निर्देश लागू आहे. त्यातली मर्यादारेषा नेमकी आहे: सुई टोचल्यानं होईल तितका किंवा त्याहून जास्त त्रास, वेदना, ताण वा इजा ज्या कृतीनं होऊ शकते, ती कृती प्रयोग ठरते. गोठ्यात उभं राहून गायीच्या रवंथाची नोंद ठेवणं त्यात येत नाही. संशोधनासाठी रक्त घेणं येतं, तोंडातून नळी घालून कोठीपोटातला (गायीच्या पोटाच्या पहिल्या, सर्वांत मोठ्या कप्प्यातला) द्रव काढणंही येतं.

असा प्रयोग करायचा तर हेगमधल्या केंद्रीय समितीकडून, म्हणजे सीसीडीकडून, प्रकल्प परवाना लागतो. त्याआधी संस्थेतला प्राणिकल्याण विभाग अर्ज वाचतो आणि नीती समिती आपलं मत देते. निर्णयासाठी कायद्यानं ४० कामकाजाचे दिवस दिले आहेत, पण अर्ज लिहिणं, शंका येणं, उत्तरं देणं यात कितीतरी महिने निघून जातात. परवाना जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. तो मिळाल्यावरही प्रत्येक प्रयोगाचा कार्य-आराखडा प्राणिकल्याण विभागाकडून पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

मला ही कडक व्यवस्था मनापासून पटते. बारा गायी का, आठ का नाहीत, हे संख्याशास्त्रानं दाखवावं लागतं. तोच प्रश्न प्रयोगशाळेतल्या किण्वन-चाचणीनं, म्हणजे कोठीपोटातल्या द्रवात चारा नळीत आंबवून, सुटेल का, हेही सांगावं लागतं. गायीला सर्वांत कमी त्रास कसा होईल याचा विचार प्रयोग सुरू होण्याआधी कागदावर उतरतो. त्यानं जनावराचं भलं होतंच, शिवाय तुमचा प्रश्नही धारदार होतो. पण हे सगळं पहिल्या वर्षात तुम्हालाच करायचं असेल, तर पहिली मोजणी दुसऱ्या वर्षावर जाईल. म्हणून सरळ विचारा: या प्रकल्पाचा परवाना मंजूर आहे का? नसेल तर अर्ज कोण लिहिणार? प्रयोग आखण्यासाठी आणि करण्यासाठी लागणारा प्राणी-विज्ञानाचा अभ्यासक्रम मला कधी मिळणार? मंजूर प्रकल्पांचे सर्वसामान्यांसाठी लिहिलेले सारांश जाहीर केले जातात. तुमच्या मार्गदर्शकाच्या गटाचा विषय माहीत असल्यानं त्यातला बहुधा कोणता ते तुम्हाला ओळखता येईल. मुलाखतीआधी तो वाचा.

आता गायी आणि यंत्रं. मिथेन मोजण्याच्या निरनिराळ्या पद्धती आहेत आणि तुम्हाला कोणती मिळते त्यावर तुमचा प्रबंध ठरेल. श्वसन-कक्ष सर्वांत अचूक. गाय काही दिवस बंद कक्षात राहते, आत जाणारी आणि बाहेर येणारी हवा सतत तपासली जाते. वाखनिंगनच्या कारुस या प्राणी-संशोधन केंद्रात असे कक्ष आहेत. पण एका वेळी थोड्याच गायी मावतात आणि कक्षांचं वेळापत्रक फार आधी भरतं. दुसरी पद्धत ग्रीनफीडची: खुराकाच्या लालचीनं गाय यंत्रात तोंड घालते आणि तेवढ्या मिनिटांचा श्वास मोजला जातो. यात मोठा कळप घेता येतो, पण गाय दिवसातून किती वेळा आणि केव्हा येते यावर आकडा हलतो. लेवार्डनच्या डेअरी कॅम्पसमध्ये मोठ्या कळपावरचे प्रयोग होतात. तुमचे प्रयोग तिथे असतील तर वाखनिंगनपासून ते बरंच दूर, उत्तरेला आहे, आणि प्रयोगाच्या काळात तुम्हाला तिथेच मुक्काम करावा लागेल.

जास्त दूध देणारी एक गाय दिवसाला साधारण ४०० ते ५०० ग्रॅम मिथेन सोडते. खुराकातून ते कमी करणारं ३-एनओपी हे रसायन डीएसएम या डच कंपनीनं विकसित केलं आणि २०२२ मध्ये युरोपीय संघानं त्याला मान्यता दिली. दुभत्या गायींत घट सरासरी तीस टक्क्यांच्या आसपास दिसते. आहारात तंतू जास्त असतील तर कमी. असे पदार्थ अभ्यासायचे म्हणजे कंपन्यांचा पैसा येणारच, आणि इथे सरकार व उद्योग मिळून चालवलेले प्रकल्प पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही. फक्त करारातलं प्रकाशनाचं कलम वाचल्याशिवाय सही करू नका. निष्कर्ष कंपनीला नको तसे आले तरी ते छापता येतील का, आणि कंपनी छपाई किती काळ रोखू शकते, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असायला हवं.

शेतकऱ्यांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण जाहिरातीत याचा उल्लेख नसतो. २९ मे २०१९ रोजी इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं सरकारची नायट्रोजन-योजना रद्द ठरवली. शेण-मूत्रातून उडणारा अमोनिया हा नायट्रोजनयुक्त वायू संरक्षित निसर्गक्षेत्रांवर जाऊन बसतो, तिथली माती आम्ल होते, नाजूक वनस्पती मरतात; आणि भविष्यात घट होईल या भरवशावर आजच परवाने वाटणं न्यायालयाला मान्य झालं नाही. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगला गेले. मार्च २०२३ च्या प्रांतिक निवडणुकांत शेतकऱ्यांच्या बाजूनं उभा राहिलेला बीबीबी हा नवा पक्ष सर्वांत मोठा ठरला. तुमचा विषय मिथेन असला तरी गोठ्यात पाऊल टाकलंत की तुम्ही 'मोजायला आलेली' असता, आणि या मोजण्यांवरूनच आपली गुरं कमी करायला सांगतील अशी भीती समोरच्याच्या मनात असते. ती निराधार नाही. नमुने घेण्याआधी त्याचं ऐकून घ्या, निष्कर्ष छापण्याआधी त्याला दाखवा. विद्यापीठात सगळं इंग्रजीत चालतं, पण गोठ्यात डच लागतं. पहिल्या महिन्यापासून वर्ग लावा आणि त्याचे पैसे गटाच्या खर्चातून मागा.

तुम्ही विचारलंय की भारतातल्या देशी गायींच्या कोठीपोटातले नमुने इथे आणून तुलना करता येईल का. कल्पना चांगली आहे, वाट अवघड आहे. परदेशी संस्थेला भारतातली जैविक सामग्री संशोधनासाठी हवी असेल तर २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते; सरकारमान्य सहकार्य प्रकल्पांना वेगळी सवलत आहे. इकडे जैविक सामग्रीच्या वापराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय नागोया करारामुळे ती मंजुरी दाखवावी लागते. शिवाय भारतात लाळ्या-खुरकूत आहे, आणि नेदरलँड्सनं २००१ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त जनावरं मारलेली आहेत. त्यामुळे प्राणिजन्य नमुन्यांची आयात अत्यंत काटेकोर असते. सामानातून नमुना, माती किंवा शेण काहीही आणू नका. त्यापेक्षा पृथक्करण भारतातल्याच प्रयोगशाळेत करून आकडे जोडायचे, असा भाग प्रस्तावात आत्ताच सुचवा.

आरोग्याचं एक ध्यानात ठेवा. इथल्या रुग्णालयात दाखल होताना डुकरं, मांसासाठी पाळलेली वासरं, ब्रॉयलर कोंबड्या यांच्याशी तुमचा संपर्क आहे का, असं विचारतात, कारण जनावरांकडून येणारा, बऱ्याच प्रतिजैविकांना दाद न देणारा एमआरएसए जिवाणू ते वेगळा शोधतात. खरं ते सांगा. गरोदरपणाचा विचार असेल तर शेळ्या-मेंढ्यांच्या विण्याच्या काळात त्या गोठ्यांत जाऊ नका. २००७ ते २०१० दरम्यान इथे शेळ्यांपासून पसरलेल्या क्यू-तापाचे, म्हणजे गरोदरपणात धोकादायक ठरू शकणाऱ्या जिवाणूजन्य तापाचे, चार हजारांवर रुग्ण नोंदले गेले होते.

पैशांचं सोपं आहे, पण एक फरक समजून घ्या. पीएचडी इथे बहुधा नोकरी असते: कर कापण्याआधी पहिल्या वर्षी महिना साधारण ३,००० युरो, दरवर्षी वाढ, ८ टक्के सुट्टी-भत्ता, वर्षअखेरीचा वेगळा. शिष्यवृत्तीवर आलात तर काम तेच, पण निवृत्तिवेतन आणि नोकरीचे बरेचसे हक्क नाहीत. तुमची जागा कोणत्या प्रकारची आहे ते लेखी घ्या. परदेशातून भरती झालेल्यांना पगाराचा ३० टक्क्यांपर्यंतचा भाग करमुक्त मिळू शकतो, २०२७ पासून २७ टक्के. संशोधन संस्थांतल्या संशोधकांना त्यासाठी किमान पगाराची अट नाही, पण काम सुरू झाल्यापासून चार महिन्यांत अर्ज करा, म्हणजे पहिल्या दिवसापासूनचा लाभ मिळतो.

संशोधक म्हणून निवास-परवान्याचा अर्ज विद्यापीठच करतं. नवऱ्याला जोडीदाराचा परवाना मिळाला की त्याला वेगळ्या परवानगीशिवाय नोकरी करता येते. दोघांच्या जन्मदाखल्यांवर आणि विवाह-प्रमाणपत्रावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) भारतातूनच करून आणा. इथे आल्यावर ते फार जिकिरीचं होतं. घराचा शोध करारावर सही झाली त्याच दिवशी सुरू करा. वाखनिंगन छोटं आहे, जोडप्यासाठी जागा मिळणं खरोखर कठीण आहे. जवळच्या एडे आणि रेनेन इथेही बघा.

पहिल्या वर्षाच्या शेवटी पुढे जायचं की थांबायचं याचा आढावा होतो आणि तो खरा असतो. म्हणूनच परवाना हातात नसेल तर त्या आढाव्यात काय दाखवायचं हे मार्गदर्शकाशी आधीच ठरवा. उपलब्ध आकडेवारीचं एकत्रित विश्लेषण किंवा कत्तलखान्यातून मिळालेल्या कोठीपोटातल्या द्रवावर केलेली किण्वन-चाचणी, दोन्ही जिवंत जनावराला हात न लावता होतात आणि प्रबंधाचा पहिला अध्याय त्यातून उभा राहतो.

भारतातल्या पदवीवर इथे थेट जनावरांवर उपचार करता येत नाहीत. त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. पीएचडीनंतर नोकरी शोधायला एक वर्षाचा परवाना मिळतो. विद्यापीठातल्या कायम जागा थोड्या आहेत, पण पशुखाद्य, पैदास आणि दूध काढणारे यंत्रमानव बनवणाऱ्या कंपन्यांत तुमच्यासारख्यांना मागणी आहे. आणि गटातल्या सध्याच्या पीएचडी विद्यार्थ्यांपैकी निदान दोघांशी, मार्गदर्शक नसताना बोला. त्यातला एक तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा असू द्या. परवाना, गायी आणि पैसे या तिन्हींबद्दल खरी उत्तरं त्याच्याकडे असतील.