दगडावर हाताने सुरीला धार लावायला शिकतोय. १००० ग्रिटच्या (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगडावर दोन्ही बाजूंना मोजून वीस-वीस हात मारतो. महिना झाला, जमत नाही. कोन धरणारं गाइड घेऊ का?

घ्यायचं तर घ्या, पण तुमचं अडलंय ते गाइडपाशी नाही. १००० ग्रिटच्या दगडावर दोन्ही बाजूंना मोजून वीस-वीस हात मारता, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. मी दोन महिने अगदी हेच करत होते.

सुरी बाबांची. मूठ झिजून झिजून त्यांच्या पंजाच्या आकाराची झालेली. माझ्याकडे आली तेव्हा पार बोथट होती आणि तिला धार मीच लावणार असं मी ठरवलं. दादाचं म्हणणं, माणसाच्या हाताला कोन धरता येत नाही, उगाच पातं घालवशील. त्याच्याकडे सुरी ओढून धार लावायचं ते खाचेचं यंत्र आहे. मी रोज संध्याकाळी दगड घेऊन बसायचे. वीस इकडून, वीस तिकडून. टोमॅटोवर सुरी ठेवली की साल दबायची, पण चिरायची नाही. दादा यायचा, पात्यावर अंगठा फिरवायचा आणि काही न बोलता सुरी खाली ठेवायचा. ते न बोलणं फार लागायचं मला.

मग एके दिवशी पात्याचा उतार निळ्या मार्करने रंगवला, अगदी धारेपर्यंत. पाच-सहा हात मारले आणि सुरी खिडकीपाशी नेली. वरचा रंग साफ गेला होता आणि धारेलगत केसाएवढी निळी रेघ जशीच्या तशी! दोन महिन्यांत दगड धारेला एकदाही लागला नव्हता. मी नुसता वरचा खांदा, म्हणजे उतार जिथे सुरू होतो ती कड, घासत होते. पात्याची पाठ जराशी उचलली, पुन्हा रंगवलं, रेघ गेली.

तेव्हापासून हात मोजणं बंद. दुसऱ्या बाजूला बर (घासून धारेवर उलटलेली धातूची बारीक कड) उठेपर्यंत एकाच बाजूने घासायचं. अंगठा पाठीकडून धारेकडे नेऊन बाहेर काढा (धारेच्या लांबीने कधीच नको), बारीक खरखर लागेल. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग हवी. टोकाशी हमखास नसते, कारण तिथे पातं वळतं आणि आपण मूठ उचलायला विसरतो. बाबांच्या सुरीला पहिल्या बाजूने चाळीसेक मिनिटं लागली, दुसऱ्या बाजूने जेमतेम दहा. मग तो बर काढायचा: एकेक हात आलटून पालटून, दाब कमी करत, शेवटी नुसत्या सुरीच्या वजनावर. बर राहिला तर सुरी आज कागद चिरते आणि दोन दिवसांत पुन्हा बोथट.

आता कोन. पातं ४५ मिमी रुंद असेल तर १५ अंशांना पाठ दगडापासून साधारण १२ मिमी वर राहते, २० अंशांना १५ मिमी. सगळा वाद या तीन मिलिमीटरांचा! हात थोडा हलतोच, त्याने धार किंचित गोलसर होते आणि तरी छान कापते. यंत्राचा कोन पक्का असतो, मान्य. पण त्यातल्या कार्बाइडच्या कठीण पट्ट्या धातू ओरबाडून काढतात, आणि मुठीशी पातं जाड असलेल्या सुरीचा मुठीलगतचा भाग खाचेत पोचतच नाही. दादाची सुरी फळीवर उभी धरली की मुठीच्या जरा पुढे खालून उजेड दिसतो. तिथे कापलेले तुकडे एकमेकांना जोडलेलेच राहतात. हे मी त्याला दाखवलंय. तो अजून अंशांवरच बोलतो.

गाइडचं राहिलंच. पाठीवर बसणारं गाइड उंची एकच ठेवतं, त्यामुळे पातं टोकाकडे निमुळतं झालं की कोन वाढतो. पहिल्या आठवड्यात हाताला अंदाज यावा म्हणून वापरलंत तर माझी हरकत नाही.

आणि हे आधीच लिहायला हवं होतं: धारेला खांडं पडली असतील तर १००० वर जन्म जाईल, ३००-४०० चा जास्त खरखरीत दगड घ्या. दगड मधून खोलगट झालाय का तेही बघा. पेन्सिलने जाळी आखा, सपाट काचेवर ओला सँडपेपर ठेवून रेघा पुसेपर्यंत घासा. दातेरी सुरीला यातलं काहीच लागू नाही.

आज मार्कर लावून बघा आणि रंग कुठे उरला ते इथेच लिहा, धारेशी की खांद्याशी. पाठ उचलायची की खाली घ्यायची ते सांगते.