पोटातले जिवाणू: गोळ्या, दही आणि संत्री

प्रश्न : सासऱ्यांना दाताच्या सुजेसाठी अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड ही जिवाणूनाशक (अँटिबायोटिक) गोळी सुरू आहे. तिसऱ्या दिवसापासून दिवसातून तीनदा पातळ होतंय. गोळी बंद करू की दही वाढवू? (सक्करदरा, नागपूर)

उत्तर : गोळी परस्पर बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करा. आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू असतात, बहुतेक मोठ्या आतड्यात. न पचलेल्या चोथ्यावर ते जगतात आणि त्यापासून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाद्य तेच. गोळीने हे कामकरी जिवाणू घटले की चोथा तसाच राहतो, पाणी ओढून घेतो आणि जुलाब होतात. शिवाय क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे आतड्याची हालचालही वाढते, म्हणून ही गोळी जेवणाच्या सुरुवातीलाच द्या.

ओआरएसचं मोठं पाकीट मोजून एक लिटर पाण्यात घोळा आणि २४ तासांत संपवा. जुलाब थांबवणारी गोळी मनाने देऊ नका. ताप, शौचात रक्त, पोटात जोराची कळ किंवा जुलाब वाढत गेले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल नावाचा जिवाणू अशा वेळी माजतो, साठी ओलांडलेल्यांत जास्त. तोही कधीकधी गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनी.

दही अवश्य द्या, पण त्यातले जिवाणू पाहुणे आहेत. काही दिवसांत निघून जातात. या गोळीबरोबर दही चालतं. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन असेल तर मात्र किमान दोन तासांचं अंतर ठेवा, कारण कॅल्शियम औषधाला बांधून टाकतं. जुलाबावर औषध म्हणून मिळणारी सॅकरोमायसिस बुलार्डी ही किण्वक बुरशी (यीस्ट) असल्यामुळे जिवाणूनाशक गोळ्यांनी मरत नाही. पण केमोथेरपी सुरू असलेल्यांना किंवा गळ्याच्या शिरेत नळी असलेल्यांना ती देऊ नये.

प्रश्न : नवतपात दही तीन तासांत आंबटढाण होतं, पाणी सुटतं. असं दही खावं का? (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : खायला हरकत नाही, वास-रंग बदलला किंवा बुरशी दिसली तरच फेका. घरच्या विरजणात ३० अंशांच्या आसपास रमणारे लॅक्टोकॉकस जिवाणू असतात आणि ४२ अंशांवर जोम धरणारेही असतात. नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरा गट पुढे जातो, आम्ल झपाट्याने वाढतं, दही आकसतं आणि पाणी सोडतं. अर्धा लिटर दुधाला एक चमचा विरजण लावत असाल तर मे महिन्यात अर्धाच लावा. दूध कोमट करत बसू नका, खोलीच्या तापमानाचं पुरे. रात्री नऊनंतर मातीच्या भांड्यात लावा आणि घट्ट होताच फ्रीजमध्ये ठेवा. वाटीभर विरजण एप्रिलमध्येच वेगळं काढून फ्रीजरमध्ये ठेवलं तर चव बिघडल्यावर उपयोगी पडतं. उकळलेल्या कढीत मात्र जिवंत काही उरत नाही.

प्रश्न : रोज संत्र्याचा रस पितो. जिवाणूंना पुरतं ना? (महाल, नागपूर)

उत्तर : नाही. जिवाणूंना लागणारा चोथा, म्हणजे पेक्टिन, फोडीच्या सालीत आणि पांढऱ्या दोऱ्यांत असतो; गाळणीत नेमका तोच राहतो. हंगाम आंबिया बहाराचा असो की मृग बहाराचा, संत्रं फोडी करून खा, दोरे फार सोलू नका. जोडीला ज्वारीची भाकर, उसळ, जवसाची चटणी ठेवा. एकदम वाढवलंत तर पोट फुगेल, म्हणून दर तीन-चार दिवसांनी एकेक पदार्थ जोडा आणि पाणी वाढवा.