जुन्या गाडीत पेट्रोलचा वास येतो पण खाली थेंब दिसत नाही, चालवत राहिलं तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की गाडी १७ वर्षांची आहे, आत बसलं की पेट्रोलचा वास येतो, खाली वाकून बघितलं तर जमीन कोरडी, आणि मेकॅनिक म्हणतो जुन्या गाडीला एवढा वास यायचाच. तर सरळ सांगतो, चालवू नका, आणि हे "यायचाच" मनातून काढून टाका. इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल प्रेशरने इंजिनमध्ये फवारलं जातं तिथे, टाकीच्या झाकणापासून इंजेक्टरच्या टोकापर्यंत सगळं बंद असतं, गाडी ३० वर्षांची असली तरी. जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी गरम असताना बंद केली की बोनेटपाशी थोडा वास येतो हे मान्य, पण तुमची तशी नाहीये आणि वास आत येतोय. म्हणजे कुठून तरी पेट्रोल किंवा त्याची वाफ बाहेर पडतेय, ते ठिकाण सापडेपर्यंत गाडी मोकळ्या हवेत उभी ठेवा, बंद गॅरेजमध्ये किंवा बेसमेंटमध्ये अजिबात नको.

थेंब का दिसत नाही तर पेट्रोल फार पटकन उडतं. उणे ४० अंशाच्या आसपासही त्याची पेट घेण्याइतकी वाफ होते, मग गरम इंजिनवर किंवा टाकीच्या वरच्या बाजूला बारीक पाझर असेल तर तो जमिनीपर्यंत पोचणार कसा, वाटेतच उडून जातो. ही वाफ हवेपेक्षा जड असते म्हणून खाली साचते, फरशीवर, खड्ड्यात, पायाशी. आणि हवेत साधारण दीड टक्का वाफ झाली की एक ठिणगी पुरते. त्यात पेट्रोलमध्ये बेन्झीन असतं ज्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं आहे, त्यामुळे मागच्या सीटवर लहान मुलं बसत असतील तर "थोडाच वास आहे" म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

माझ्या स्वतःच्या गाडीचं सांगतो कारण ते तुमच्यासारखंच होतं. वास येतो म्हणून एकाने फिल्टर बदलला, दुसऱ्याने बोनेटखालच्या सगळ्या क्लिपा आवळल्या, वास तसाच. मग काही महिन्यांनी मला तो जाणवेनासा झाला आणि मी समजलो की कमी झाला. एक दिवस बहीण मागे बसली आणि दहा मिनिटांत म्हणाली, दादा गाडी थांबव, डोकं दुखायला लागलंय, किती वास येतोय. तेव्हा कळलं की वास होता तेवढाच होता, माझं नाक सरावलं होतं. त्यानंतर मी रोज लिहून ठेवायला लागलो की वास कधी येतो, आणि दोन आठवड्यांत दिसलं की टाकी फुल केली की दोन-तीन दिवस जोरात, टाकी अर्धी झाली की गायब. म्हणजे पाझर टाकीच्या वरच्या भागात. मागची सीट उचलली, खालचं पत्र्याचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं, तर फ्युएल पंपाच्या गोल रिंगभोवती वर्षानुवर्षांची करडी धूळ बसलेली आणि फक्त एका बाजूला चंद्रकोरीसारखी काळपट ओली. बाकी सगळं सुकं ठणठणीत. खालची रबरी सील काढली तर ती चपटी होऊन इतकी कडक झालेली की नख दाबलं तरी खूण उमटत नव्हती, वाकवल्यावर सरळ तुटली. नवीन सील बसवली आणि विषय संपला. एवढ्याशा रबरासाठी मी कित्येक महिने घरच्यांना त्या गाडीत फिरवत होतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

म्हणून तुम्हीही आधी हे आठवून बघा की वास नेमका कधी येतो. फुल टाकीनंतर येत असेल तर झाकणाचं रबर, पेट्रोल भरायच्या नळीचा टाकीकडचा जोड, ब्रीदर पाइप म्हणजे टाकीतली हवा बाहेर सोडणारी बारीक नळी, आणि पंपाची सील बघा. नॉझल आपोआप बंद झाल्यावरही अजून थोडं अजून थोडं करत काठोकाठ भरायची सवय असेल तर ती आजच बंद करा, कारण वाफ शोषून घ्यायला एक कोळशाचा डबा म्हणजे चारकोल कॅनिस्टर असतो, त्यात पातळ पेट्रोल गेलं की तो कामातून जातो आणि मग वास कायमचा मागे लागतो. गाडी चालू असताना किंवा गरम बंद केल्यावर पुढून वास येत असेल तर बोनेटखाली बघा, इंजेक्टरच्या ओ रिंगा म्हणजे गोल रबरी सील, फ्युएल रेलचे म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीचे जोड, आणि रबरी पाइप. एसीची बाहेरची हवा काचेच्या खालच्या जाळीतून आत येते ना, तीच बोनेटखालचा वास केबिनमध्ये आणते. सकाळी सेल्फ जास्त वेळ मारावा लागतोय का हेही आठवा, लागत असेल तर रात्रीत लाइनमधलं प्रेशर उतरतंय, आणि वासाबरोबर हे असेल तर मी आधी पाझर शोधेन.

एक जागा बरेच जण विसरतात ती म्हणजे प्रेशर रेग्युलेटर, पेट्रोलचं प्रेशर ठरावीक ठेवणारा भाग. रेलवर असेल तर त्याला एक बारीक व्हॅक्युम पाइप असतो. तो काढल्यावर आतून पेट्रोलचा थेंब आला किंवा पाइप ओला निघाला तर आतला पडदा फाटलाय, पेट्रोल थेट इंजिनमध्ये ओढलं जातंय, सायलेन्सरमधून काळा धूर आणि अ‍ॅव्हरेज कमी. तेव्हाच डिपस्टिक म्हणजे इंजिन ऑइलची पातळी बघायची पट्टी काढून तिचाही वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली असेल तर इंजिन चालूच करू नका, ऑइल पातळ झालंय, बेअरिंगं जातील.

शोधायचं कसं तर इंजिन पूर्ण थंड, गाडी उघड्यावर, बोनेट वर, जवळपास सिगरेट किंवा काही पेटतं नको, उजेडाला एलईडी टॉर्च. दुसऱ्याला चावी फक्त ऑन करायला सांगा, स्टार्ट नाही. मागे पंप दोन-एक सेकंद घूं करेल आणि लाइनमध्ये प्रेशर येईल, असं तीन-चार वेळा करा आणि पांढरा टिश्यू पेपर प्रत्येक जोडाच्या खालून फिरवा. कागद ओला झाला की जागा सापडली. ओलं नसेल तर डाग शोधा, पेट्रोल उडून गेलं तरी पिवळट-तपकिरी चिकट थर राहतो, किंवा मळकट भागावर एकच पट्टा धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो. खालच्या लोखंडी लाइनी जिथे क्लिपने बॉडीला धरलेल्या असतात तिथे चिखल अडकतो आणि त्या नेमक्या क्लिपखालीच गंजतात, वरून लाइन छान दिसते, त्यामुळे क्लिप उचलून बघितल्याशिवाय समाधान मानू नका.

पाइप बदलायचा असेल तर इथे मी फार आग्रही आहे. इंजेक्शनच्या लाइनमध्ये साधारण ३ बार प्रेशर असतं, कार्ब्युरेटरला त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. दोन्हीचे पाइप बाहेरून सारखेच दिसतात म्हणून हाताला लागेल तो लावून देतात लोक. पाइपवर छापलेलं वाचा, इंजेक्शनसाठी एसएई ३० आर ९ (SAE 30R9) असं हवं, आर ७ (30R7) हा कमी प्रेशरचा आहे. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं, ते फुगतं, मऊ पडतं किंवा तडकतं, त्यामुळे एक पाइप गेलाय तर त्याच वयाचे बाकीचेही बदलून घ्या. क्लिपही गोल कडांची पूर्ण वेढा घेणारी घ्या, खाचांची साधी क्लिप जास्त आवळली की रबर कापते. आणि टेप, एपॉक्सी, साबण लावून पाझर बंद करायचं कुणी सुचवलं तर ऐकू नका, तीन बारपुढे ते टिकत नाही आणि सुटतं ते चालत्या गाडीत सुटतं.

कुठलाही जोड उघडायच्या आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि लाइनचं प्रेशर उतरवून घ्या, नाहीतर पेट्रोल थेट डोळ्यात उडतं. हे कधी केलं नसेल तर शोधायचं काम तुम्ही करा, उघडायचं मेकॅनिकला द्या, पण त्याला जागा बोट ठेवून दाखवा. शेजारी ड्राय पावडरचं फायर एक्स्टिंग्विशर हवंच. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पुढे जातं आणि आग सोबत नेतं.

हे सगळं होण्याआधी कधी रस्त्यात वास अचानक वाढला तर बाजूला घ्या, इंजिन बंद, सगळे उतरून लांब व्हा. धूर दिसत असेल तर बोनेट उघडू नका, आत हवा गेली की भडका उडतो.

काम झाल्यावर सीटच्या फोमला आणि मॅटला आठवडाभर तरी जुना वास राहतो, त्याने घाबरू नका, मॅट काढून उन्हात टाका आणि काचा उघड्या ठेवा. मग एकदा टाकी नॉझल बंद होईपर्यंत भरा, गाडी रात्रभर उभी करा, आणि सकाळी दार उघडून पहिला वास ज्याने ही गाडी महिनाभर वापरलेली नाही अशा माणसाला घ्यायला सांगा. आणि तुमच्या गाडीला वास नक्की कधी येतो ते इथे खाली लिहा, फुल टाकीला, गरम असताना की सकाळी, म्हणजे आधी कुठे बघायचं ते सांगता येईल.