सापाचं भांडं घरात ठेवावं का?

प्रश्न : माझ्या मुलीने अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधल्या सान इल्डेफोन्सो पुएब्लोमधून (पुएब्लो म्हणजे तिथल्या मूलनिवासींचं गाव) काळंकुळीत, आरशासारखं चकचकीत मातीचं भांडं आणलंय. त्यावर शिंगवाला साप आहे. सासूबाई म्हणतात, साप दिवाणखान्यात नको. मला त्यात फुलं ठेवायची आहेत. धुतल्यावर काळा रंग जाईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फुलांचा विचार आधी सोडा, सापाचं नंतर बघू. हे भांडं कमी आचेवर भाजलेलं असतं, वर काचेचा लेप नसतो. पाणी झिरपतं आणि चकाकी मरते. माझ्याकडे वाटीएवढं असंच एक आहे. हौसेने त्यात मोगरा ठेवला, तर सकाळी बुडाशी फिकट कडं उमटलेलं! ते आजही तसंच आहे. तुम्ही ते धूही नका, कोरड्या मऊ फडक्याने पुसा.

रंग जायची भीती नको, कारण तो रंग नाहीच. तिथल्या कुंभारणी चाक न वापरता मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं उभं करतात. त्यावर लाल मातीचा पातळ लेप देतात आणि तो ओलसर असतानाच गुळगुळीत गोट्याने घासत बसतात. असे गोटे आईकडून लेकीकडे जातात म्हणे, आपल्याकडच्या पाट्या-वरवंट्यासारखे. भाजताना जाळावर घोड्याच्या लिदेचा भुगा लोटतात. (आपले कुंभार लीद मातीत कालवतात, तिथे ती वरून पडते.) हवा कोंडते, धूर मातीत मुरतो आणि भांडं काळं होतं. लीद पडली नसती तर तुमचं भांडं लालच राहिलं असतं.

चकचकीत काळ्यावर मंद काळी नक्षी ही त्याच गावच्या मारिया आणि ज्युलियन मार्टिनेझ या नवराबायकोची करामत, १९१९च्या सुमाराची. ती घडवायची, तो रंगवायचा. घासून झालेल्या अंगावर पातळ मातीनेच चित्र काढायचं आणि त्यावर पुन्हा गोटा फिरवायचा नाही, एवढंच.

आता साप. तो अवान्यू, तिथल्या तेवा लोकांचा जलसर्प. अंगाची वळणं म्हणजे वाहतं पाणी, बाणासारखी जीभ म्हणजे वीज. तो पाण्याचा राखणदार, तोही इतक्या कोरड्या मुलखात. सासूबाई नागपंचमीला पाटावर नाग काढत असतील, तर त्यांना हे सांगून बघा. नाहीच पटलं, तर भांडं भिंतीकडे फिरवूनही उपयोग नाही, अवान्यू बहुधा पूर्ण वेढा घालून बसलेला असतो.